लांब पल्ल्याची गाडी

९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

मायन्यापाशीच बराच वेळ अडलो. आपल्या मुलांनी कोर्टात सह्या करून संसार मोडला, त्याला आता वर्ष होईल. त्यांचं काय झालं ते कागदावर आहे. आपलं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही. माझा मुलगा तुमचा जावई राहिला नाही, तुमची लेक माझी सून राहिली नाही, मग मी तुमचा कोण? माजी व्याही? मंत्र्यांना लावतात तसं? तूर्त जुनीच हाक मारतो. आवडली नाही तर खोडून टाका.

पत्राचं निमित्त असं, की मी गाडी घेतली. घरात दोन वर्षं माझ्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे मला तोंडावर मूर्ख म्हणणारं माणूस उरलेलं नाही. बायको असती तर तिनं हे काम चोख केलं असतं. तिच्यानंतर या कामाला लायक अशा तुम्हीच आठवलात.

गाडी नवी नाही. पंचविशीची आहे, आणि गाडीच्या आयुष्यात पंचविशी म्हणजे आपली सत्तरी. गर्द निळी, दोन दारांची, लांब नाकाची. आत लाकूड आणि फिकट पिवळं कातडं. बारा सिलिंडर. भरात असताना हिच्यासारख्या गाडीतून माणसं सकाळी एका देशात न्याहारी करायची आणि संध्याकाळी दुसऱ्या देशात जेवायला बसायची, म्हणतात. माझा एक जुना पेशंट, जहाजावर कप्तान होता, त्याच्याकडून घेतली. तो आता मुलीकडे राहायला गेला, तिथं गाडी लावायला जागा नाही. किल्ली देताना म्हणाला, "डॉक्टर, हिला रोज कोपऱ्यावर नेऊ नका. क्वचित न्या, पण लांब न्या." दाढेचं दुखणं सांगतानाही त्याचा आवाज इतका कापरा झाला नव्हता.

मागं दोन सीटा आहेत. मोठं माणूस बसलं तर गुडघे कानाला लागतात. सात-आठ वर्षांचं मूल मात्र ऐसपैस बसेल. आपली नात, भिंगरी, आता सातची झाली ना?

दवाखाना बंद केला. कंटाळा आला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं चांगलं भरलं, आता पुरे.

उत्तर पाठवलंत तर बरं वाटेल. फोनवर आपण दोघंही "ठीक आहे" एवढंच म्हणतो, म्हणून पत्र.

आपला,
व्याही (आजी की माजी, ते तुम्ही ठरवा)

२१ फेब्रुवारी

डॉक्टर,

मंत्री माजी होतात. व्याही होत नाहीत, असं मला वाटतं. कायदा काय म्हणतो ते मी पाहिलेलं नाही. हाक खोडलेली नाही.

तुम्ही मूर्ख आहात. हे तुम्ही मागवलं होतं, ते आधी देऊन टाकलं.

आता कामाचं. मी उभं आयुष्य जुने पूल तपासले. जुनी वस्तू दिसायला भव्य असली की माणसाची अक्कल गहाण पडते, हे मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, यातला प्रकार आहे हा. खालून गंज पाहिलात का? पावसात उभी होती की छपराखाली? सुटे भाग बनतात अजून, की कारखान्यानं हात वर केले? आणि तुमचे गुडघे? इतक्या खाली बसणाऱ्या गाडीत माणूस पडतो सहज, पण निघतो कसा ते मला कळवा.

कप्तान शहाणा माणूस दिसतो. विकून मोकळा झाला.

दवाखाना बंद केलात हे वाचून नवल वाटलं. तुम्ही खुर्चीतच जाणार असं तुमच्या बायकोचं म्हणणं होतं, आणि त्यांचं सहसा चुकत नसे.

भिंगरी मजेत आहे. सात पूर्ण. दोन दात पडले.

आणि एक. पत्र टाइप करून का पाठवलंत? मला वाटलं विमा कंपनीचं आहे, दोन दिवस तसंच पडून होतं.

विहीण

१८ मार्च

विहीणबाई,

मूर्ख पोचलं. आभारी आहे. टाइप करतो, कारण माझं अक्षर आजवर फक्त औषधाच्या दुकानदारांनाच लागलं आहे.

गाडीतून निघण्याची रीत आता सापडली आहे. आधी उजवा पाय बाहेर, मग दाराला धरायचं, मग कुणी बघत नाही ना ते पाहायचं, आणि मग मनातल्या मनात कण्हायचं. शेजारी माझं दार उघडलं की गॅलरीत येऊन उभे राहतात. करमणूक आहे त्यांची.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. गंज आहे, पण वरवरचा. छपराखालीच असायची. सुटे भाग मिळतात, म्हणजे जगात कुठंतरी असतात आणि इथं यायला निघालेले असतात. माझ्या मेकॅनिकला सगळे 'उद्या' म्हणतात. कधीही विचारा, काम उद्या होतं. माणूस गोड आहे. परवा त्यानं बॅटरी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना कळलं की बॅटरी बरी होती, दुसरंच काहीतरी तिला आतून पीत होतं. ते काय, ते उद्या कळेल.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितलीच पाहिजे. हिला स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्यांवर उभी असते ही. त्या आता जुन्या झाल्या, हवा झिरपते. त्यामुळे सकाळी खाली जावं तर गाडी मागच्या बाजूनं टेकलेली, उंट बसावा तशी. सुरू केली की थोडा वेळ काहीच होत नाही. मग आतून एक पंप घुरघुरतो आणि ती हळूहळू उठते. आधी मागून, मग पुढून. मी तोवर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसतो. विहीणबाई, सकाळी मला कुणी असं थांबून उठू दिलं तर काय हवं होतं.

बटणांवरचं रबर वितळून चिकट झालं आहे. छताचं कापड लोंबतं, टाळूला लागतं. उजवी काच खाली जाते, वर यायचं की नाही ते तिच्या मर्जीवर. आणि तरीही, एकदा मोठ्या रस्त्याला लागली की सगळं गप्प होतं. आवाज असा की शेजारच्या खोलीत कुणी गात आहे. पण मोठा रस्ता मी एकदाच पाहिला. बाकी सगळं पावाच्या दुकानापर्यंतच.

चिरंजीव येऊन गेले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाबा, या वयात?" मी म्हटलं, "याआधी सवड नव्हती." पुढं बोलणं झालं नाही. त्याचं आणि माझं हल्ली असंच होतं, दोन वाक्यं होतात आणि तिसरं येत नाही. लग्न का मोडलं तेही मला अजून माहीत नाही. विचारायला गेलो की हवामानावर येतो.

असो. गाडी घेऊन तुमच्याकडे येऊ का? चार तासांचा रस्ता आहे. भिंगरीला मागं बसवून एक चक्कर मारीन, तुमच्या लेकीला त्रास देणार नाही, वाटलं तर फाटकाबाहेरच थांबेन. मे उजाडायच्या आत आलो तर बरं.

व्याही

२ एप्रिल

डॉक्टर,

आत्ता येऊ नका. भिंगरीची परीक्षा आहे. मग माझ्या घराचं रंगकाम आहे. उन्हाळा सरल्यावर बघू.

मे उजाडायच्या आतच का, ते समजलं नाही. गाडी म्हातारी असली तरी मेमध्ये मरेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

हवेच्या पिशव्यांबद्दल. 'उद्या'ला म्हणावं, साबणाचं पाणी लावून बघ, बुडबुडे येतील तिथं भोक. यासाठी उद्या लागत नाही.

गाडीला आणि स्वतःला एका माळेत ओवू नका. पुलांना मी कधी म्हातारं म्हटलं नाही. किती भार पेलतो, एवढंच विचारलं.

विहीण

९ जून

डॉक्टर,

दोन पत्रं पाठवली, दोन्हींना उत्तर नाही. फोन वाजतो आणि थांबतो. तुमच्या मुलाला विचारावं तर कोणत्या तोंडानं विचारू? तुम्ही रागावला असाल असं समजून लिहिते आहे. रागावायला कारण आहे, ते तुम्हाला कसं कळलं ते ठाऊक नाही, पण कळलं असेल तर माझ्याकडूनही ऐका.

भिंगरीची परीक्षा नव्हती. रंगकामही नव्हतं. लेकीला बंदराच्या शहरात नोकरी लागली. मार्चमध्येच ती भिंगरीला घेऊन तिकडे गेली. इथून गाडीनं दिवसभराची वाट आहे. जाताना तिनं माझ्याकडून शब्द घेतला: "आई, त्या घरच्या कुणाला पत्ता देऊ नकोस. मला एकदा श्वास घेऊ दे." तुमचा मुलगा ठरल्या दिवशी मुलीशी फोनवर बोलतो, त्याला शहर माहीत आहे. तुमचं नाव तिनं वेगळं घेतलं नाही. पण 'त्या घरचे' यात तुम्ही येता, असं मी धरलं.

तुम्ही मागची सीट, गुडघे, सात-आठ वर्षांचं मूल असं लिहीत होता, आणि मी इथं रिकाम्या खोलीत बसून परीक्षा आहे म्हणून कळवत होते. मला ते जमलं, याचंच मला वाईट वाटतं.

रागावलात तर रागावलात, पण बरे आहात एवढं कळवा.

विहीण

१५ जून

विहीणबाई,

बरा आहे. रागावलो नव्हतो, मला काहीच माहीत नव्हतं. आता तुमचं पत्र वाचून थोडा रागावलो, मग राग उतरला. लेकीला दिलेला शब्द तुम्ही मोडला असतात तर मला तुमचा भरवसा वाटला नसता. तरी परीक्षा हे कारण सातव्या वर्षाला जरा जड होतं.

न लिहिण्याचं कारण वेगळं. एप्रिलअखेर फाटकातून गाडी आत घेताना खांबाला घासली. डावी बाजू, दारापासून मागच्या चाकापर्यंत. स्टिअरिंग ओढतं बहुतेक. मोठ्या रस्त्यावर तीरासारखी सरळ जाते, पण फाटकाशी वळवताना अचानक जास्त वळली. कुणाला लागलं नाही. बाजूनं शेजारीणबाई पिशवी घेऊन चालल्या होत्या, हातभर अंतरावर. त्या मला काही बोलल्या नाहीत, तेच फार लागलं.

तेव्हापासून गाडी उभी आहे. म्हणजे बसली आहे. विकून टाकतो. तुमचंच खरं, नाकापेक्षा मोती जड.

व्याही

१९ जून

डॉक्टर,

स्टिअरिंग ओढत असतं तर सरळ रस्त्यावरही ओढलं असतं. तुम्हीच लिहिता की तिथं तीरासारखी जाते. चूक झाली ती सावकाश वेगात, चाक पुष्कळ फिरवताना. तिथं काम गाडीचं कमी आणि हातांचं जास्त.

त्यात तुम्ही चालता दवाखाना बंद करता. पत्रं टाइप करता. मे उजाडायच्या आत यायची घाई करता.

मला वाटतं दोष गाडीत नाही. कोणता हात?

विहीण

२७ जून

विहीणबाई,

उजवा.

हे हातानं लिहितो आहे. एवढं पत्र लिहायला सकाळ गेली, अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक होत चालली आहेत, ती या रोगाचीच खूण आहे म्हणे. कंपवात. गेल्या वर्षी एका बाईंच्या दाढेत सुई घालताना पहिल्यांदा हात हलला. त्यांना कळलं नाही. मला कळलं. त्या महिन्यातच दवाखान्याला कुलूप लावलं.

डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं बरीच वर्षं निभतील. गाडीचं विचारलं तर म्हणाले, मे महिन्यात पुन्हा तपासू, तोवर बघा. म्हणून तोवर बघून घ्यावं असं वाटलं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात वाकून काम केलं, नजर एक वीत पलीकडे गेली नाही. एकदा लांब बघायचं होतं. मेची तपासणी आधीच फाटकाच्या खांबानं केली.

मुलाला सांगितलेलं नाही. त्याचं स्वतःचं घर मोडलेलं, त्यात हे कुठं देऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मात्र झाकली तरी हलते, म्हणून तो आला की हात खिशात घालून बसतो. त्याला वाटतं बाप तुटक वागतो.

तुम्ही आता सहानुभूतीचं पत्र लिहू नका. तुम्हाला ते जमणार नाही, आणि मला ते वाचवणार नाही.

आपला

११ जुलै

डॉक्टर,

सहानुभूती नाही. अहवाल देते.

मी आयुष्यात फार थोडे पूल बंद केले. वरच्यांना नेहमी दोनच उत्तरं हवी असायची, चालू की बंद. मी तिसरं द्यायचे: भार कमी करा. जड वाहनं दुसऱ्या रस्त्यानं न्या, पायी जाणाऱ्यांना जाऊ द्या. त्या पुलांवरून अजून माणसं जातात.

तुम्ही चालवायचं नाही. हा निकाल आहे, यावर चर्चा नाही. शेजारीणबाईंची पिशवी आठवा.

गाडी विकायची नाही. निदान अजून नाही. मला गाडी चालवता येते. साइटवर ट्रकसुद्धा चालवला आहे, सरकारी जीप तर चिखलात बुडालेली वर काढली आहे. तुमच्या बारा सिलिंडरांना मी घाबरत नाही. 'उद्या'ला सांगून हवेच्या पिशव्या आणि ब्रेक नीट करून घ्या. तो उद्या म्हणाला तर त्याला माझा फोन नंबर द्या.

लेकीशी मी बोलले. म्हणजे पत्ता देऊ का असं विचारलं नाही, फक्त विचारलं की तुझ्या सासऱ्यांना भेटायचं आहे, मी घेऊन येऊ का. तुमच्या हाताचं सांगितलं नाही, ते तुमचं तुम्ही सांगायचं की नाही ते ठरवा. आठवडाभर ती काही बोलली नाही. काल फोनवर दुसरंच बोलता बोलता म्हणाली, "सावकाश या. समुद्राकडच्या उतारावर रस्ता खराब आहे."

मी पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे येते. शनिवारी सकाळी निघू. जड सामान घेऊ नका.

विहीण

३ ऑगस्ट

विहीणबाई,

तुम्ही मला दारात उतरवून, किल्ली हातात ठेवून, गाडीला एक चापटी मारून स्टेशनवर गेलात, त्याला आठ दिवस झाले. एकत्र केलेल्या प्रवासाचं पत्र लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं, पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही.

तिथं दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंगरीला मागं बसवून धक्क्यापर्यंत चक्कर मारायला गेलात. घरात मी आणि तुमची लेक. ती चहा करत होती, मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर. पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला त्यानं पाठवलं का?"

मी म्हटलं, "नाही. मला तुझ्या आईनं आणलं. मी नुसता बसून आलो."

मग तिनं कप पुढं केला. मी डाव्या हातानं घेतला, पण बशी उजव्या हातात होती, तिच्यावर कप टेकवला आणि ती वाजायला लागली. तिनं पाहिलं. कप माझ्याकडून परत घेतला, अर्धा चहा पातेल्यात ओतला, आणि अर्धा कप बशीशिवाय माझ्या हातात दिला. नंतर तीन दिवस मला त्या घरात प्रत्येक वेळी अर्धाच कप मिळाला, आणि उरलेला अर्धा थोड्या वेळानं न मागता मिळाला. तुमच्या लक्षात आलं होतं का?

मग ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मला त्याच्याशी लग्न मोडायचं होतं. तुमच्याशी काय मोडायचं आणि काय ठेवायचं ते मला कळेना. म्हणून सगळंच मोडलं. एकेक तोडत बसण्यापेक्षा ते सोपं होतं."

मी दातांचा डॉक्टर. एक काढताना शेजारचा हलतो हे मी शेकडो लोकांना समजावलं आहे. पण त्या वेळी मी म्हटलं, "चहा चांगला झालाय." ती हसली. तेवढ्यात खालून तुमचा हॉर्न वाजला.

उताराच्या रस्त्यावर तुम्ही गाडी ज्या तऱ्हेनं चालवलीत, त्याबद्दल एकदा बोलावं लागेल. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो आणि इतका खूषही झालो नव्हतो.

व्याही

१२ ऑगस्ट

डॉक्टर,

अर्धा कप लक्षात आला नव्हता. मी तिची आई, आणि पूल तपासणारी.

तुम्हाला जे माहीत नाही ते आता मी सांगते. चक्कर मारताना भिंगरीनं मागून विचारलं, "आजोबा आता आपले कोण?"

मी म्हटलं, "आजोबा."

"पण बाबा आता आपले नाहीत ना?"

"बाबा तुझे आहेतच. आईचे नाहीत, एवढंच."

मी आरशात पाहिलं, बोटानं सीटच्या कातड्याच्या भेगा मोजत होती. मग म्हणाली, "मग आजोबा आईचे आहेत का?"

मी म्हटलं, "ते आईलाच विचार." त्या रात्री झोपताना तिनं विचारलं असणार, कारण सकाळी लेकीनं तुम्हाला 'बाबा, टॉवेल' म्हणून हाक मारली. तुम्ही दाढी करत होतात, तुम्हाला वाटलं असेल जुनी सवय. सवय नव्हती ती. मी तिचा चेहरा पाहिला.

उतारावर मी ताशी सत्तरच्या वर गेले नाही. जास्त वाटलं, कारण तुम्ही डोळे मिटले होते.

विहीण

४ सप्टेंबर

विहीणबाई,

काल चिरंजीव न कळवता आले. बेल वाजली, मी दार उघडलं, सवयीनं हात खिशात. तो उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "बाबा, हात बाहेर काढा."

तुमच्या लेकीनं त्याला फोन केला होता. वर्षभरात पहिल्यांदा, भिंगरीच्या कामाव्यतिरिक्त. म्हणाली, "मला सांगायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, पण तुझ्या वडिलांचा उजवा हात बघ." एवढंच बोलून ठेवला.

मी हात काढला. तो तसाच धरून सोफ्यावर बसला. रागावला होता. "मला का नाही सांगितलंत? तिला कळतं, तिच्या आईला कळतं, मला नाही?" मी म्हटलं, "तू मला कुठं काय सांगतोस?" हे मी भांडायला म्हटलं नव्हतं, पण निघालं तोंडून. वाटलं, आता हा उठून जाईल. गेला नाही. हात सोडलाही नाही. मग बोलायला लागला. लग्नात काय झालं ते सांगितलं, पहिल्यापासून. स्वतःला कुठं सोडलं नाही त्यानं. काय ते इथं लिहीत नाही, कारण त्यातलं अर्धं तुमच्या लेकीचं आहे आणि ते तिनं तुम्हाला सांगायचं. एवढंच लिहितो, की आम्ही दोघांनी हवामानाचा विषय काढला नाही.

दुपारी म्हणाला, "खाली जाऊ या." त्यानं गाडी सुरू केली. मी म्हटलं, थांब, तिला उठू दे. तो थांबला. मग आम्ही शहराबाहेर गेलो, कुठं असं नाही, संध्याकाळ होईपर्यंत. तो चांगला चालवतो. तुमच्याइतकं भीतिदायक नाही. दर महिन्याला येईन म्हणाला, तुम्हाला फिरवून आणीन. एकदा बंदराकडे जायचं का, असंही विचारलं, आणि लगेच म्हणाला, आधी तिला विचारायला हवं. मला वाटतं तो विचारेल.

व्याही

१० सप्टेंबर

डॉक्टर,

पत्र दोनदा वाचलं. जे लिहिलं नाहीत ते विचारणार नाही. लेक सांगेल तेव्हा ऐकेन.

फार बरं झालं. हे मनापासून लिहिते. त्यापुढचंही लिहिते, कारण आपल्यात आता परीक्षा आणि रंगकाम नको. तुमच्या मुलानं गाडी चालवली हे वाचून मला थोडं लागलं. त्या दिवशी स्टेशनकडे चालत जाताना मी पुढच्या वेळचा रस्ता ठरवत होते. नकाशाही आणला. आता घरचा ड्रायव्हर मिळाला म्हटल्यावर बाहेरच्या बाईचं काम संपलं, हे मला कळतं. या वयात असल्या गोष्टीचं वाईट वाटावं याचंच हसू येतं.

'उद्या'ला ब्रेकचं तेल बदलायची आठवण करा. उतारावर मला ते जरा मऊ लागलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही.

विहीण

१४ सप्टेंबर

विहीणबाई,

ब्रेक मऊ होता आणि तुम्ही मला सांगितलं नाही, यावर वेगळं पत्र येईल.

मुलगा महिन्यातून एका रविवारी येणार आहे. बाकीचे रविवार मी घरी बसून कोणत्या ड्रायव्हरची वाट पाहू? नकाशा घेऊन या. बाहेरची बाई म्हणे. ज्या घरात माझा चहा पुन्हा सुरू झाला तिथं मला कुणी नेलं ते मला माहीत आहे.

गाडी स्वच्छ करून ठेवतो, डाव्या हातानं. शुक्रवारची वेळ कळवा, स्टेशनवर चालत येतो.

तुमचा
व्याही